मनसर–खवासा महामार्ग

नागपूरकर ज्याला ‘जबलपूर रोड’ म्हणतात, त्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील (पूर्वीचा ७) सुमारे ३७ किमी.चा टप्पा. नागपूर जिल्ह्यातील मनसरपासून देवलापारमार्गे तो मध्य प्रदेशच्या सीमेवरील खवासापर्यंत जातो. श्रीनगर–कन्याकुमारी या देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्गाचा हा एक छोटासा तुकडा. पण चौपदरीकरण वर्षानुवर्षे अडले ते इथे आणि पुढे सिवनीकडच्या जंगलात.

अडचण जागेची होती. पेंच व्याघ्र प्रकल्प दोन राज्यांत पसरलेला आहे आणि कान्हा–पेंच दरम्यान वाघांची ये-जा ज्या जंगलपट्ट्यातून चालते, तो हा महामार्ग कापतो. दोन पदरी रस्ता जनावर रात्री कसाबसा ओलांडते. अखंड ट्रक धावणारे चार पदर त्याला भिंतीसारखेच. वन्यजीव अभ्यासकांनी छिंदवाड्यामार्गे वळसा सुचवला, तो सिवनीकरांना मान्य नव्हता. खड्ड्यांनी पिचलेल्या प्रवाशांचीही तक्रार खरीच होती. वाद उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि राष्ट्रीय हरित लवाद, दोन्हीकडे गेला.

तोडगा निघाला तो रस्ताच खांबांवर उचलण्याचा. महाराष्ट्रातील पेंचच्या जंगलात ५ भुयारी मार्ग व ४ लहान पूल मिळून ९ ठिकाणी जनावरांसाठी खालून वाट ठेवली आहे. त्यांची लांबी ५० ते ७५० मी. आहे. लांबी-उंचीला इथे फार महत्त्व: पलीकडचे झाड आणि उजेड दिसला नाही, तर हरीण आत पाऊलच टाकत नाही. वर ट्रकची घरघर, खाली मऊ मातीत चितळांच्या खुरांचे ठसे, असे ते दृश्य.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये येथे ७८ कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर या काळात १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांच्या ५,४५० नोंदी मिळाल्या. त्यांत सर्वाधिक चितळ, त्याखालोखाल रानडुकरे. ११ वाघ एकूण ८९ वेळा टिपले गेले. ‘वाघ पुलाखालून जाणार आहे का?’ या प्रश्नाचे याहून चोख उत्तर नाही. ही वाट सहजासहजी मिळाली नाही, ती भांडून मिळवावी लागली, हे विसरू नये.

सिवनीकडील कुरई घाटाचे काम मागाहून झाले. दोन भुयारी मार्गांमधला रस्ता मात्र जमिनीवरच आहे. तिथे जनावर आजही डांबरावर येऊ शकते. पुलांखालून माणसे आणि गुरे जाऊ लागली, तर वन्यप्राणी त्या जागा टाळू लागतात.