जुन्या फोन-टॅबवरचं नवं अपडेट

फोन किंवा टॅब घेऊन दोन-चार वर्षं झाली की त्यावर कंपनीकडून ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं व्हर्जन येतं, ते टाकल्यावर तेच जुनं यंत्र कसं चालतं, किती दिवस चालतं आणि नाही टाकलं तर काय होतं, हा सगळा मामला म्हणजे हा विषय. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जा नाहीतर उपनगरातल्या कुठल्याही मोबाइल रिपेअरच्या छोट्या दुकानात उभे राहा, "अपडेट मारलं आणि फोन हँग व्हायला लागला" हे वाक्य कानावर पडणारच. यात अपडेट मारलं हे खरं असतं, फोन हँग होतो हेही खरं असतं, पण पहिल्यामुळेच दुसरं झालं का याचं उत्तर फोनागणिक बदलतं. रॅम, स्टोरेज, बॅटरी आणि वरची ॲप्स असे चौघं मिळून फोन स्लो करतात आणि आळ एकट्या अपडेटवर येतो.

रॅमपासून, म्हणजे चालू ॲप्स धरून ठेवणाऱ्या कामापुरत्या मेमरीपासून सुरू करू कारण ती नंतर वाढवता येत नाही. २०१० च्या पहिल्या आयपॅडला २५६ एमबी रॅम होती, तो आयओएस (ॲपलच्या फोन-टॅबची ऑपरेटिंग सिस्टिम) ५.१.१ वरच थांबला. २०११ चा आयपॅड २ मात्र ५१२ एमबी घेऊन आला आणि आयओएस ४.३ पासून पार ९.३.५ पर्यंत गेला, म्हणजे पाच मोठी व्हर्जनं त्याच रॅममधे बसवली. ऐकायला भारी वाटतं पण शेवटी शेवटी अशी गत की सफारीत एक पान वाचता वाचता दुसऱ्या टॅबवर जाऊन आलं की पहिलं पान पुन्हा मुळापासून लोड व्हायचं, कीबोर्ड वर यायला वेळ, ॲप मधेच बंद. नवी सिस्टिम वाईट लिहिलेली असते असं नाही, ती नव्या यंत्राच्या मापाने लिहिलेली असते. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यावरून आत्ताचा एल आकाराचा सोफा वर न्यायचा म्हटलं तर जे होतं तेच इथे होतं, सोफ्यात खोट नाही, जिन्यातही नाही, वळणावर माप बसत नाही.

याची जुनी आणि गाजलेली उदाहरणं ॲपलचीच आहेत, कारण ॲपल जुन्या फोनना अपडेट देते म्हणून तक्रारीही तिच्याच वाट्याला जास्त. २०१० मधे आयफोन ३जीवर आयओएस ४ आलं, १२८ एमबी रॅमवर, आणि फोन इतका मंदावला की त्याच सप्टेंबरात ४.१ काढून दुरुस्ती करावी लागली. आयफोन ४ वर २०१३ मधे आयओएस ७ आलं, नवं चकचकीत रूप, सरकणारी ॲनिमेशन, तिथेही तेच, मार्च २०१४ च्या ७.१ ने जरा सुसह्य झालं. आयफोन ४एसला आयओएस ८ जड गेलं. यावरून अनुभवी लोकांनी एक साधा नियम काढलाय आणि मला तो पटतो: यंत्र जुनं असेल तर मोठं व्हर्जन आल्या दिवशी टाकायचं नाही, पॉइंट वन, म्हणजे त्याची दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. पहिल्या व्हर्जनमधे कंपनीचं लक्ष नव्या मॉडेलवर असतं, जुन्यांचा नंबर नंतर लागतो.

उलटंही घडलेलं आहे. २०१८ चं आयओएस १२ मुद्दाम जुन्या फोनसाठी घासूनपुसून काढलं होतं, आयफोन ६ प्लसवर ॲप ४० टक्क्यांपर्यंत, कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत आणि कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल असा ॲपलचा दावा होता, आणि २०१३ चा ५एससुद्धा त्यात होता. त्या ५एसला जानेवारी २०२३ मधे १२.५.७ हे सिक्युरिटी अपडेट मिळालं, म्हणजे बाजारात आल्यापासून नऊ वर्षं उलटून गेल्यावर. तेव्हा अपडेट म्हणजे जुना फोन मारायचा डाव, हे सरसकट म्हणणं काही टिकत नाही.

बॅटरीचं प्रकरण मात्र वेगळं, तिथे कंपनीने खरंच गुपचूप काम केलं होतं. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली येतं आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन धाडकन बंद पडतो. यावर उपाय म्हणून जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मधे ॲपलने जुन्या बॅटरीच्या फोनवर प्रोसेसरचा वेग दाबायची सोय घातली. इंजिनिअरिंग म्हणून कल्पना चुकीची नव्हती, पण ग्राहकाला सांगितलंच नाही, त्याला वाटलं फोन म्हातारा झाला आणि त्याने नवा घेतला, जेव्हा नुसती बॅटरी बदलून काम भागलं असतं. डिसेंबर २०१७ मधे हे बाहेर आलं, मग माफी, अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ वरून २९ डॉलर, मार्च २०१८ च्या ११.३ मधे सेटिंगमधे बॅटरी हेल्थचं पान, आणि २०२० मधे अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१८ मधेच ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोकला होता, सॅमसंगला तो गॅलेक्सी नोट ४ च्या मालकांना न झेपणारं अपडेट टाकायला लावलं म्हणून. आजही आयफोन स्लो झाला म्हणून कोणी आलं की शहाणा दुकानदार आधी बॅटरी हेल्थचा आकडा बघतो.

स्टोरेजकडे लोक बघतच नाहीत आणि आपल्याकडे तर खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. १६ जीबीचा टॅब, त्यात सिस्टिमने घेतलेली जागा, उरलेल्यात व्हॉट्सॲपच्या सोसायटी ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो, गणपतीत ढोल-ताशाचे तेच ते व्हिडिओ पाच जणांनी पाठवलेले, आणि मग अपडेटला दोन-तीन जीबी मोकळी जागा हवी म्हटल्यावर सगळं अडतं. स्वस्त फोनातली ईएमएमसी मेमरी भरत आली की लिहायला हळू होते, कारण मोकळे ब्लॉक शोधून, पुसून मग लिहावं लागतं. गूगलचा २०१२ चा नेक्सस ७ टॅब यासाठी बदनाम झाला, वापरता वापरता मंद होत गेला, २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ मधे पुसलेल्या जागेची आवराआवर करणारी ट्रिम नावाची सोय आली तेव्हा जरा सुटका झाली, आणि २०१४ च्या अखेरीस लॉलीपॉप (अँड्रॉइड ५) आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लॉलीपॉपने ॲप चालवायची पद्धतच बदलली, इन्स्टॉल करतानाच ॲप मशीनच्या भाषेत बदलून ठेवायचं, त्यामुळे जागा जास्त लागायची आणि प्रत्येक अपडेटनंतर "ऑप्टिमायझिंग ॲप" म्हणत फोन बराच वेळ बसून राहायचा. २०१६ च्या नूगामधे (अँड्रॉइड ७) ते बदललं.

यातच आणखी एक, अपडेट झाल्याझाल्या पहिले एक-दोन दिवस कुठलाही फोन गरम होतो, चार्ज भराभर उतरतो, कारण आत फोटो आणि फायलींची यादी नव्याने बनत असते. पुण्यात एप्रिल-मेमधे पारा चाळिशीला टेकलेला असताना दुपारी हे काम चालू ठेवलं तर फोन तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. रात्री चार्जिंगला लावून वायफायवर सोडून द्यावा आणि दोन दिवस मत बनवू नये.

अँड्रॉइडचा प्रश्न बरीच वर्षं उलटा होता: अपडेट जड जातं ही तक्रार नंतरची, आधी ते यायचंच नाही. गूगलने व्हर्जन काढायचं, मग चिप बनवणाऱ्याने त्यासाठी ड्रायव्हर (चिप आणि सिस्टिम जुळवणारे प्रोग्राम) द्यायचे, मग फोन कंपनीने आपलं रूप त्यावर चढवायचं, आणि चिपवाल्याने हात वर केले की पुढचे सगळे अडले. सप्टेंबर २०१४ मधे गूगलने अँड्रॉइड वन भारतातूनच सुरू केलं, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे सहा-साडेसहा हजाराचे फोन, अपडेट थेट गूगलकडून. हेतू चांगला पण आत स्टोरेज ४ जीबी, त्यात अपडेट घेणार कुठे आणि ठेवणार कुठे. खरा फरक पडला तो २०१७ च्या ओरिओमधल्या (अँड्रॉइड ८) प्रोजेक्ट ट्रेबलने, ज्याने चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा केला, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही तुकडे प्ले स्टोअरमार्फतच बदलता यायला लागले. आता पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आहे. युरोपात जून २०२५ पासून याबद्दल कायदाच आलाय. स्वस्त फोनांची गोष्ट मात्र अजून वेगळीच चालते, दहा हजाराच्या फोनला मोठी व्हर्जनं किती मिळणार हे डब्यावर ठळक छापलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग अपडेट टाकायचंच नाही, असं म्हणणारे पुण्यात पुष्कळ आहेत. आमचा चाललाय ना, मग कशाला हात लावायचा. बरोबर आहे, पण यंत्र नुसत्या सिस्टिमवर जगत नाही. व्हॉट्सॲपने २०२० च्या फेब्रुवारीत अँड्रॉइड २.३ सोडलं, २०२५ च्या जानेवारीत किटकॅट (अँड्रॉइड ४.४) सोडलं, आणि मे २०२५ मधे आयओएस १५.१ च्या खालचे सगळे आयफोन, म्हणजे तो नऊ वर्षं अपडेट घेतलेला ५एससुद्धा बाहेर. काच शाबूत, बॅटरी नवी घातलेली, फोन कसा ठणठणीत, पण व्हॉट्सॲप नाही म्हटल्यावर घरच्या आजोबांसाठी तो फोन संपला. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स तर याहून कडक.

वेबसाइटचंही तसंच. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारी सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, ती ज्या जुन्या रूट म्हणजे मूळ सर्टिफिकेटवर टेकली होती ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि आयओएस ९ वाल्या आयपॅडवर कितीतरी साध्या साइट असुरक्षित म्हणून अडायला लागल्या, साइटचं काही बिघडलं नव्हतं, आयपॅडला नवं सर्टिफिकेट ओळखता येत नव्हतं एवढंच. जुन्या अँड्रॉइडसाठी तीन वर्षांचा जुगाड केला गेला. जीपीएसचा किस्सा याहून मजेशीर: जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे आयफोन ५ ला नोव्हेंबर २०१९ च्या आत १०.३.४ हे छोटंसं अपडेट घेणं भाग होतं, नाहीतर तारीख-वेळ आणि लोकेशन चुकून मेलसुद्धा बंद. असली बारकी अपडेट फोन जड करत नाहीत, ती डोळे झाकून घ्यावीत.

मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने तर जुनं व्हर्जन फारसं सुखाचं नव्हतंच, अँड्रॉइड २.३ च्या पुष्कळ फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोनी डबे दिसायचे.

परतीचा रस्ता हा वेगळा विषय. आयफोन-आयपॅडवर जुनं व्हर्जन परत टाकता येतं ते फक्त ॲपल त्यावर डिजिटल सही करत, म्हणजे त्याला परवानगी देत असेपर्यंत, नवं आल्यावर काही दिवसांत ती सही बंद होते आणि मग दुकानात कोणी कितीही "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हटलं तरी मागे जाता येत नाही. अँड्रॉइडवर बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडत असेल तर लिनिएजओएससारखी सिस्टिम टाकून जुन्या फोनला पुढची व्हर्जनं दाखवता येतात, कॉलेजची पोरं हौसेने करतात, पण त्यावर बँकेचं ॲप चालेल याचा भरवसा नाही. ज्यांना इतकं करायचं नाही त्यांनी आयफोन-आयपॅडच्या सेटिंगमधे मोशन आणि पारदर्शकता कमी करावी, अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमधे ॲनिमेशन अर्ध्यावर आणावं, एवढ्यानेही बराच फरक जाणवतो. जुन्या आयपॅडवर एखादं ॲप मिळत नसेल तर त्याच ॲपल आयडीने नव्या फोनवर ते घ्यायचं आणि मग आयपॅडच्या पर्चेस्ड यादीतून मागायचं, त्या यंत्राला चालणारं शेवटचं व्हर्जन उपलब्ध असेल तर ते मिळतं.

अपडेट कधीच न टाकणं शहाणपणाचं ठरतं अशी एक जागा आहे, गाण्याच्या शिकवण्या. पुण्यात पुष्कळ घरी जुना टॅब फक्त तानपुरा-तबल्याच्या ॲपसाठी ठेवलेला असतो, वायफाय बंद, सूर चालू. २०१७ च्या आयओएस ११ ने ३२-बिटची, म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली सगळी ॲप्स बंद केली, त्यामुळे ज्यांचं आवडतं ॲप पुन्हा लिहिलं गेलं नाही त्यांच्यासाठी १० वर थांबणंच बरोबर होतं. इंटरनेटच नाही म्हटल्यावर सिक्युरिटीची चिंताही फारशी उरत नाही, फक्त सतत चार्जरला लावून ठेवल्याने बॅटरी फुगते तिकडे लक्ष हवं.

आणि देऊनच टाकायचा असेल तर आधी अकाउंटमधून बाहेर पडून मगच रिसेट मारावा. आयओएस ७ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइड ५.१ पासून रिसेट प्रोटेक्शन, दोन्ही रिसेटनंतरही जुन्या मालकाचं अकाउंट मागणारी कुलपं, जुना पासवर्ड आठवत नसेल तर तो टॅब कामवाल्या मावशींच्या मुलाला अभ्यासाला द्यायचा विचार तिथेच संपतो आणि दुकानदारही फक्त डिस्प्लेचे पैसे देतो. अगदीच भंगार असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे लोक ई-कचरा वेगळा घेतात, सोसायट्यांमधूनही अधूनमधून गोळा करतात, फुगलेली बॅटरी असेल तर ती त्यांना आधी सांगावी.