चवथीच्या भिंतीसाठी कुठला निळा?

गोव्यात घराला रंग काढायचा तो चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी. श्रावणात शेडकार्ड चाळताना शेजारशेजारचे दोन फिके निळे सारखेच वाटतात. भिंतीवर चढले की मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

पहिल्याला हिरवट झाक असते. तो बहुधा तांबेयुक्त फ्थॅलोसायनिनचा. हे कुळच अपघातातून आलं: 1928 साली स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात भांड्याच्या आतल्या काचमुलाम्याला तडा गेला, खालचं लोखंड रसायनाला भेटलं आणि निळा पदार्थ तयार झाला. हा रंग तांबडा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळतो. दुसरा, जांभळट झाकेचा, म्हणजे अल्ट्रामरीन. कपड्यांना आणि चुन्यात घालायची आपली नीळ. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकेटच्या सूक्ष्म पिंजऱ्यात अडकलेला तीन गंधक-अणूंचा गट तिला निळेपण देतो. चुन्याच्या अल्कलीपुढे ती टिकते. प्रशियन निळा हा तिसरा रंग मात्र तिथे तपकिरी पडतो.

आता खिडकीबाहेर बघा. भिंत परत पाठवते ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशातलाच काही भाग. मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, असेल तर पावसात आत येणारा उजेड माड-पोफळींच्या पानांवरून गाळून आलेला, हिरवा असतो. तिथे हिरवट निळा पार शेवाळी दिसू लागतो. खिडकीसमोर तांबड्या जांभ्या चिऱ्यांचं कुंपण असेल तर परतणारा उजेड तांबूस, आणि तांबूस उजेडात दोन्ही निळे राखाडीकडे झुकतात. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग उधळतात, म्हणून शेडकार्डावर फिकी वाटलेली छटा खोलीत गडद भासते.

रात्री आणखी वेगळं. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बमध्ये निळा प्रकाश मुळातच तुटपुंजा. हिरवट निळा त्यात मळकट होतो; नीळ तांबड्याच्या टोकाकडचा थोडा प्रकाश परतवते, म्हणून ती जांभळट पण जिवंत राहते. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली समया पेटतात त्या खोलीत मी तरी नीळच निवडीन. पश्चिमेला मोकळं आकाश किंवा नदी असलेल्या खोलीला पहिला शोभतो.

या रंगांना ‘थंड’ म्हणतात, पण त्यांनी आतला पारा उतरत नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. बाहेरच्या भिंतीला थंडावा हवा असेल तर पांढराच बरा.

दुकानातल्या ट्यूबखाली निर्णय घेऊ नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा. श्रावणातल्या दमट हवेत तो सावकाश सुकतो, घाई करू नका. मग तो त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर बघा. तरीही रात्री रंग मळकट वाटला, तर रंगाऱ्याला परत बोलावण्याआधी 4000 केल्विनचा, म्हणजे जास्त पांढऱ्या उजेडाचा, बल्ब लावून बघावा. तो पुष्कळ स्वस्त पडतो.