चकचकीत रेकॉर्ड आणि फिस्कटलेला 'स'

परवा रविवारी जुन्या बाजारात एकाने भावगीतांची एलपी रेकॉर्ड काढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, "एकदम कोरी आहे काका, एक ओरखडा दाखवा." मी पण ती उन्हात तिरकी धरून बघितली, खरंच काही नव्हतं, 400 रुपये मोजले. घरी पहिलं गाणं मस्त वाजलं आणि शेवटच्या गाण्यात बाईंचा प्रत्येक 'स' फिस्कटलेला, पुढचे दात पडल्यासारखा.

चरा बिचारा प्रामाणिक असतो हो. दिसतो, नखाला लागला तर ऐकूही येतो, मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर दर 1.8 सेकंदाला टक्. झीज मात्र सहज दिसत नाही आणि ती लेबलच्या बाजूला, म्हणजे शेवटच्या गाण्यात, जास्त छळते. का, तर रेकॉर्डचे मिनिटाचे फेरे तेवढेच, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला छोटा (शाळेतलं 2πr आठवा), त्यामुळे सुईखालून खाच (गाणं कोरलेली नागमोडी रेघ) बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण 51 सेंमी सरकते आणि आत फक्त 21 च्या आसपास. आता 10,000 हर्ट्झचा आवाज घ्या, 'स' मधली सळसळ साधारण या भागातली. बाहेर त्याची एक लाट 51 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, आत तीच 21 मायक्रॉनमध्ये कोंबलेली. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच 15-18 मायक्रॉन, ती त्या वळणात मावणार कशी? मग ती उंचवटे घासत जाते. त्यात जुन्या प्लेअरचं सिरॅमिक पिकअप (सुई धरणारा भाग) 5-6 ग्रॅम भार टाकणार, ऐकायला किरकोळ, पण टेकायची जागा काही मायक्रॉनची म्हणजे दाब भयंकर. लाटेची शिखरं चपटी झाली की संपलं, कितीही धुवा. टूथपेस्ट चोळा म्हणणारे व्हिडिओ फिरतात, त्यात घासायची पावडरच असते, उरलेला 'स' पण जाईल. (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना तर स्पिरिटसुद्धा लावू नका, लाख विरघळते.)

विकणाऱ्याकडे प्लेअर असेल तर शेवटचं गाणं लावायला सांगा, पहिलं नको. नसेल तर खाच काळीभोर आहे की करडट ते बघा, आणि लेबलवरचं भोक बघा, रेकॉर्ड बसवताना प्लेअरचा मधला दांडा चाचपताना तिथे बारीक रेघा उठतात, जितक्या रेघा तितकी ती वाजलेली. माझ्या 'कोऱ्या' रेकॉर्डचं भोक मी घरी चष्मा लावून बघितलं, सगळीकडून कोळ्याचं जाळं.