खतातलं गांडूळ वेगळं, शेतातलं गांडूळ वेगळं

पहिल्या पावसानंतर जमिनीवर आलेली गांडुळं गोळा करायची, शेणाच्या बेडमध्ये सोडायची आणि खताची वाट बघायची. हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो. काही दिवसांनी उकरून बघावं तर काही मेलेली, बाकीची पसार. उलटा घोटाळाही तितकाच सर्रास होतो: बेडमधली किलोभर गांडुळं कोरड्या शेतात सोडायची आणि आता जमीन आपोआप भुसभुशीत होईल म्हणून निर्धास्त राहायचं. दोन्हीकडे चूक एकच. नाव गांडूळ असलं तरी हे दोन जीव वेगळे आहेत.

फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बुशे यांनी 1970 च्या दशकात गांडुळांचे राहणीवरून तीन गट पाडले. एपिजिक गांडुळं पालापाचोळ्याच्या आणि शेणाच्या थरात राहतात, मातीत फारशी शिरत नाहीत. एंडोजिक मातीतच आडवी बिळं करतात आणि माती खाऊन तिच्यातला सेंद्रिय अंश पचवतात. अनेसिक खोल, उभी बिळं करून रात्री वरचा पाला खाली ओढून नेतात. खत करतात ती पहिल्या गटातली. शेतात सापडतात ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या गटातली, आणि नुसत्या शेणाच्या ढिगात त्यांना ना माती मिळते ना बीळ.

खतासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा. तांबूस रंग, दोन वलयांच्या मधे फिकट पिवळसर पट्टा. चिमटीत धरून डिवचलं की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतं. लॅटिनमध्ये फेटिडा म्हणजे दुर्गंधी, तेव्हा नाव सार्थ आहे. युड्रिलस युजेनी मोठं, जांभळट करड्या रंगाचं. त्याला उबदार हवा मानवते, थंडी सोसत नाही. पेरिओनिक्स एक्सकॅव्हॅटसवर निळसर झाक असते आणि ते इतकं चपळ की हवा बिघडली की रातोरात बेड सोडून जातं. मातीतली गांडुळं बहुतेक फिकट आणि संथ असतात. कातडीतून पोटातली माती काळसर दिसते. पण खोल बिळं करणाऱ्यांचा पुढचा भाग गडद असतो, त्यामुळे निव्वळ रंगावर विसंबू नये.

शंका असेल तर त्यांनाच विचारावं. एका टबात अर्ध्या बाजूला ओली माती, अर्ध्या बाजूला नीट कुजून थंड झालेलं शेण घाला. मधोमध दहा-बारा गांडुळं सोडून वर गोणपाट टाका. सकाळी उकरा. शेणात सापडली ती खताची, मातीत शिरली ती शेताची.

खताच्या गांडुळाला लागते ती ओल, हवा आणि गार खाद्य. यातलं शेवटचं सर्वात जास्त चुकतं. ताज्या शेणाचा ढीग कुजताना तापतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि सोडलेली गांडुळं एका दिवसात मरतात. म्हणून शेण आणि काडीकचरा मिसळून 15 ते 20 दिवस ओला ठेवावा, मधे एक-दोनदा उलथावा. ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि ऊब लागली नाही तरच गांडुळं सोडावीत. बेड 3 फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. उंची दीड फुटापेक्षा जास्त नको, नाहीतर तळ दबून हवा कोंडते. 1 चौरस मीटरला साधारण 1 किलो गांडुळं धरावीत. परिस्थिती चांगली असली तर ती रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातात. खत लवकर हवं असेल तर सुरुवातीची गांडुळं वाढवावीत. खाद्याचा ढीग वाढवून काही साधत नाही. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

खत चहाच्या भुकटीसारखं झालं की 4-5 दिवस पाणी बंद करून उजेडात छोटे ढीग करावेत. गांडुळं उजेड टाळून तळाला जातात, वरचं खत काढून चाळून घ्यावं. एकरी 2 टन हे सर्वसाधारण प्रमाण आहे. शेतात खत न्यायचं, गांडुळं बेडमध्येच ठेवायची. खताबरोबर गांडुळांच्या अंड्यांचे काही कोष शेतात जातात खरे, पण ओलं आच्छादन नसेल तर त्यातून निघालेली पिल्लं टिकत नाहीत.

शेतातल्या गांडुळाचं काम खत करणं नव्हेच. त्याच्या बिळांतून पाणी आणि हवा खाली जाते, मुळं त्याच वाटेने उतरतात. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत वर्षाला एकरी 10 टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब डार्विनने 1881 साली मांडला. तो मातीतल्या गांडुळांचा. खताची महती सांगताना तो सर्रास वापरला जातो, तिथे तो लागू नाही.

शेतातली गांडुळं विकत आणून वाढवता येत नाहीत, आणि त्यांची संख्या सावकाश वाढते. आयसेनियाचा कोष उबेत साधारण 3 आठवड्यांत फुटतो, त्यातून बहुधा एकाहून जास्त पिल्लं निघतात आणि पुढच्या 6-8 आठवड्यांत ती वयात येतात. मातीत खोल राहणाऱ्या मोठ्या गांडुळांच्या कोषातून बऱ्याचदा एकच पिल्लू निघतं आणि वयात यायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे एकदा मोडलेली वस्ती लवकर भरत नाही. वारंवार रोटाव्हेटर फिरवला की बिळं मोडतात आणि उघडी पडलेली गांडुळं पक्षी टिपतात. कार्बेन्डाझिम आणि तांब्याची बुरशीनाशकं मातीत साठली तर त्यांचाही फटका बसतो. आच्छादन, कमी मशागत आणि कुजलेलं सेंद्रिय खत, एवढ्यावर ती आपली आपण येतात.

आली की नाहीत हे मोजता येतं. माती ओली असताना 1 फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, माती गोणपाटावर काढून हाताने फोडा आणि गांडुळं मोजा. शेतात पाच-सहा ठिकाणी असं करून आकडे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, तितक्याच ओलीत पुन्हा मोजा. उन्हाळ्यात घेतलेला आकडा पावसाळ्यातल्या आकड्याशी ताडून काहीच कळत नाही, कारण कोरड्या दिवसांत ती खोल जाऊन गोळा होऊन पडून राहतात.