टर्बो इंजिनाचे बिनटर्बो रूपांतर

मोटारीच्या इंजिनावरील टर्बोचार्जर (एक्झॉस्ट वायूच्या जोरावर हवा दाबून भरणारे यंत्र) काढून टाकून, सिलिंडरमध्ये हवा केवळ पिस्टनच्या ओढीने येईल अशा साध्या घडणीवर ते इंजिन परत नेण्याची क्रिया. या नावाखाली दोन वेगळी कामे मोडतात. एकात फक्त टर्बो, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि त्यांच्या नळ्या उतरवतात. इंजिनाच्या पोटाला हात लावत नाहीत. दुसऱ्यात पिस्टन, डिझेल फवारणारे नोझल, डिझेल पंपाची जुळणी आणि गरजेप्रमाणे कॅमशाफ्टही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून इंजिन मुळातच बिनटर्बो असल्यासारखे घडवतात. प्रस्तुत नोंदीत रूपांतर हा शब्द दुसऱ्या कामासाठी वापरला आहे. पहिले काम ही अडचणीच्या वेळची सोय होय.

टर्बोचार्जरचा आरंभ सामान्यतः स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ च्या पेटंटपासून मोजतात. त्याआधी इंजिनात हवा दाबून भरण्याचे प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. गॉटलीब डाइमलर आणि लुई रेनो यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. पण त्यांच्या योजनांत दाबयंत्र इंजिनाच्याच शक्तीवर फिरत असे. वाया जाणाऱ्या एक्झॉस्ट वायूवर टर्बाइन फिरवून तिच्याकडून हवा दाबून घेणे ही कल्पना ब्यूखीची. ती व्यवहारात उतरायला मात्र दोन दशके गेली. दरम्यान फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने विमानाच्या इंजिनावर, तर अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये पाइक्स पीक या उंच डोंगरावर लिबर्टी या विमानाच्या इंजिनावर प्रयोग केले. १९२० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. पेटंट हा आरंभ धरायचा की जहाजे, यावर मतभेद आहे. यंत्राचा इतिहास लिहिताना जहाजांना अधिक वजन देणे योग्य वाटते.

टर्बो काढण्याचे मूळही काही जण जहाजांतच शोधतात. जहाजी इंजिनाचा टर्बो भर समुद्रात बंद पडल्यास त्याचा रोटर अडकवून किंवा काढून, तोंडे पत्र्याने बंद करून, कमी भारावर इंजिन चालवण्याची रीत सूचनापुस्तकांत दिलेली असते. तथापि ती बंदर गाठण्यापुरती तजवीज आहे, रूपांतर नव्हे. मोटारीपुरता विचार केला तर पहिले ठळक उदाहरण ओल्ड्समोबिल जेटफायरचे ठरते. १९६२ मध्ये आलेल्या या गाडीत ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे आठ सिलिंडरी इंजिन होते, शक्ती २१५ अश्वशक्ती आणि संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधली हवा पिस्टन किती पट दाबतो ते माप) १०.२५. टर्बो इंजिनाला हे गुणोत्तर फार जास्त होते. इंधन अवेळी पेटून ठोका बसू नये म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे आणि त्याची टाकी भरण्याकडे मालकांचे दुर्लक्ष होई. १९६५ मध्ये ओल्ड्समोबिलची मालक कंपनी जनरल मोटर्सने टर्बो काढून साधा चार-बॅरल कार्ब्युरेटर बसवून देण्याची योजना राबवली. पुष्कळ गाड्यांचे टर्बो तेव्हा उतरले. मूळ टर्बोसह राहिलेली जेटफायर म्हणूनच आज दुर्मीळ आहे. याच इंजिनाची कार्ब्युरेटरवाली आवृत्ती त्याच उच्च गुणोत्तराची होती. त्यामुळे टर्बो उतरल्यावर उरलेले इंजिन लंगडे पडले नाही.

या क्रियेचे सारे मर्म संपीडन गुणोत्तरात आहे. टर्बो हवा आधीच दाबून देतो, म्हणून पेट्रोल टर्बो इंजिनाचे गुणोत्तर बहुधा कमी ठेवतात. डिझेलमध्ये फरक आणखी मोठा दिसतो: डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या जुन्या पूर्वकक्षाच्या बिनटर्बो इंजिनांत ते २२ च्या आसपास, तर आजच्या कॉमन-रेल (सर्व नोझलांना एकाच नळीतून दाबाचे डिझेल देणाऱ्या, संगणकाने चालणाऱ्या) टर्बो इंजिनांत १६ ते १८ असते. नुसता टर्बो काढला तर पिस्टन तेच राहतात, म्हणून गुणोत्तर खालीच राहते आणि दाबलेली हवाही जाते. असे इंजिन बिनटर्बो भावंडापेक्षाही मंद चालते, सकाळी उशिरा पेट घेते. हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) फेसिंग, म्हणजे बूड घासून सपाट, करून किंवा पातळ गॅस्केट घालून गुणोत्तर थोडे वाढवता येते. पण व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा यांतील अंतर तेवढेच कमी होते, आणि डिझेलमध्ये ते आधीच फार थोडे असते. ज्या इंजिनाची बिनटर्बो आवृत्ती कारखान्यानेच काढली आहे, तेथेच परत जाणे या शब्दाला अर्थ आहे, कारण तेथे योग्य पिस्टन तयार मिळतो.

कोल्हापूर भागात अशी जोडीची इंजिने मुबलक होती. खेडोपाडी वडाप (खासगी गाडीने प्रवाशांची ने-आण) करणाऱ्या गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्यावर बजाज टेंपोने बनवलेल्या ओएम ६१६ इंजिनाच्या ट्रॅक्स, प्यूजोच्या परवान्यावरील डिझेलच्या महिंद्रा जीप आणि १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो यांचा भरणा होता; ही सारी इंजिने आरंभी बिनटर्बो होती. सुमोला पुढे १,९४८ घनसेंमीच्याच इंजिनाची टर्बो आवृत्ती मिळाली, इंडिकाच्या १,४०५ घनसेंमी डिझेललाही मिळाली. दुसरी अनुकूलता शहराच्या उद्योगपरंपरेची. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीपासून येथे इंजिनकाम रुजले. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग आणि फेसिंगची कामे होतात. शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतले जातात, पिस्टनही येथेच बनतात.

प्रतिकूलता भूगोलाची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर असल्याने हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी असतो, पन्हाळ्यावर सुमारे ११ टक्के. टर्बो ही तूट भरून काढतो, साधे इंजिन काढू शकत नाही. गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट कोकणातून भरल्या गाडीने चढताना ती तूट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणवते. सपाटीवर, उसाच्या फडापासून गावापर्यंत फिरणाऱ्या गाडीला तिचे फारसे काही वाटत नाही.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जोखमीची जागा तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्यासाठी इंजिनाच्या मुख्य तेलमार्गातून एक बारीक नळी येते. टर्बो उतरवला की ती नळी नुसती वाकवून किंवा चेपून चालत नाही. ब्लॉकवरचा पोकळ बँजो बोल्ट काढून त्या जागी भरीव बोल्ट, नव्या तांब्याच्या वॉशरसह घट्ट बसवावा लागतो. तेथून दाबाचे तेल सुटले तर संप (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) रिकामा होऊन क्रँकची बेअरिंगे जाम होतात. तेल परतीचे जाड भोक संपाच्या बाजूला असते. त्यावर गॅस्केट घालून लोखंडी पट्टी बसवतात. टर्बो पाण्याने थंड होणारा असेल तर त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडतात. एक्झॉस्टसाठी बिनटर्बो आवृत्तीचा मॅनिफोल्ड उत्तम. काही ठिकाणी टर्बोचा मधला भाग काढून नुसते कवच जागेवर ठेवतात. त्याने बोल्टांची जुळणी वाचते, पण वायूची वाट चोंदते.

जुन्या यांत्रिक पंपाच्या माथ्यावर टर्बोच्या दाबाने हलणारा पडदा असतो. दाब नसला की तो डिझेल आपोआप कमी सोडतो. गाडी ओढत नाही म्हणून त्याचा स्क्रू पिळून डिझेल वाढवण्याचा मोह होतो. हवा तेवढीच असल्याने जास्तीचे डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते आणि एक्झॉस्ट अवाजवी तापतो. पंप टेस्ट बेंचवर बिनटर्बो मापाला लावून घेणे हाच उपाय.

कॉमन-रेल इंजिनांत हा मार्ग जवळजवळ बंद आहे. दाब कमी असल्याचे संवेदकाने कळवताच ईसीयू (इंजिनाचा संगणक) बिघाड नोंदवून शक्ती तोडतो, आणि बीएस-६ गाड्यांत धुराचा गाळणीपेटाराही तुंबतो. पेट्रोलमध्येही नात्याची इंजिने फसवी असतात. फोक्सवॅगनची १.० लिटर एमपीआय आणि टीएसआय ही दोन्ही ९९९ घनसेंमीची. पण पहिल्यात इंधन हवेच्या वाटेत, दुसऱ्यात थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे हेड निराळे. तेथे पूर्ण बिनटर्बो इंजिनच बसवणे शहाणपणाचे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. इंजिन बदलल्यास नोंदणी प्राधिकरणाकडून, म्हणजे येथे कोल्हापूरच्या (एमएच-०९) कार्यालयाकडून, पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ(४) प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पीयूसी चाचणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ आणि बीएस-४ गाड्यांना ५० हार्ट्रिज एकक ही धुराची मर्यादा आहे. पंप न जुळवता टर्बो काढलेली गाडी ती सहसा ओलांडते.