रंग बदलला, पण साइटवर दिसत का नाही?

आमच्या वेबसाइट-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

साइट सुरू करून दिल्यानंतर आमच्या दादरच्या ऑफिसात सर्वांत जास्त येणारा फोन असा असतो: "बटणाचा रंग बदलला, सेव्ह केलं, तरी जुनाच दिसतोय." कधी रंग मुख्य पानावर बदलतो आणि आतल्या पानांवर तसाच राहतो. कधी एखादे प्लगइन (साइटला जादा सोय देणारा जोड) अपडेट होते आणि कोणी हात न लावलेले शीर्षक लहान होऊन बसते. कारण बहुतेक वेळा एकच असते. एकाच गोष्टीबद्दल दोन नियम लिहिलेले असतात आणि ब्राउझरने त्यातला तुम्हाला नको असलेला निवडलेला असतो. ही निवड ठरलेल्या पद्धतीने होते. ती पद्धत प्रत्येक ग्राहकाला थोडी तरी माहीत असावी असे आम्हाला मनापासून वाटते, कारण साइट तुमची आहे आणि तिच्यात कोण काय ठिगळ लावते आहे हे तुम्हाला कळायला हवे.

त्याआधी एक गोष्ट तपासा. ब्राउझर पानाची जुनी प्रत साठवून ठेवतो. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. मोबाइलवर इन्कॉग्निटो टॅबमध्ये पान उघडा. तिथे नवा रंग दिसला तर पुढचे काही करायची गरज नाही.

नियम कुठून येतात

पानाचे रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे सगळे सीएसएसच्या, म्हणजे पानाचे रूप सांगणाऱ्या भाषेच्या, नियमांनी ठरते. अगदी छोट्या दुकानाच्या साइटवरही हे नियम अनेक ठिकाणांहून येतात: काही ब्राउझरचे स्वतःचे (लिंक निळी आणि अधोरेखित दिसते ती त्यामुळे), काही तुम्ही निवडलेल्या थीमचे (साइटच्या तयार साच्याचे), काही फॉर्म, स्लायडर आणि कार्टच्या प्लगइनचे, आणि शेवटी आम्ही तुमच्यासाठी लिहिलेले. होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्न या संशोधन केंद्रात असताना सीएसएसची कल्पना मांडली. पान बनवणारा आणि पान वाचणारा अशा दोघांच्याही आवडीनिवडीला त्यात पहिल्यापासून जागा होती. म्हणजे नियमांची टक्कर होणार हे गृहीतच होते, आणि ती सोडवायची रीतही सोबतच आली.

कोणता नियम जिंकतो

समजा, तुमचे पैठण्यांचे दुकान आहे आणि साइटवर 'ऑर्डर करा' असे बटण आहे. पानातल्या एकाच गोष्टीला दिलेले नाव म्हणजे आयडी, आणि अनेक गोष्टींना मिळून देता येणारे नाव म्हणजे क्लास. थीमचा नियम म्हणतो, 'मुख्य-भाग' हा आयडी असलेल्या चौकटीतली 'बटण' क्लासची प्रत्येक गोष्ट निळी. कोणीतरी त्याखाली लिहिले, 'ऑर्डर' क्लासची गोष्ट जांभळी. आपल्या बटणाला हे दोन्ही क्लास आहेत. नवा नियम नंतर लिहिला, तरी बटण निळेच राहते.

याचे कारण असे की ब्राउझर आधी नियम किती नेमका आहे ते पाहतो. तो तीन रकाने मांडतो: आयडी किती, क्लास किती, नुसती टॅगची (म्हणजे शीर्षक, परिच्छेद, लिंक असा भागाचा प्रकार सांगणाऱ्या खुणांची) नावे किती. थीमच्या नियमाचे वजन भरले १-१-०, नव्या नियमाचे ०-१-०. तुलना डावीकडून, एकेका रकान्याची होते. बेरीज होत नाही. त्यामुळे अकरा क्लास लिहिले तरी एका आयडीला ते हरवू शकत नाहीत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'सर्व सभासदांनी' अशी नोटीस असली आणि शेजारी '३०२च्या सभासदांनी' अशी वेगळी असली, तर ३०२वाले दुसरी पाळतात, मग ती आधी लागलेली का असेना. 'शेवटी लिहिलेला नियम चालतो' असे सर्रास सांगितले जाते. ते दोन्ही वजने सारखी असतील तेव्हाच खरे.

आणखी एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. तुम्ही पूर्ण विभागाला लाल रंग दिला, मजकूर लाल झाला, पण त्यातली लिंक निळीच राहिली. बाहेरच्या चौकटीकडून वारशाने आलेला रंग हा सर्वांत दुबळा असतो. लिंकसाठी ब्राउझरचा स्वतःचा थेट नियम आहे, त्याच्यापुढेही हा वारसा टिकत नाही. लिंकचा रंग वेगळा सांगावाच लागतो.

वर्डमधून पेस्ट करताना

वर्डमधून किंवा दुसऱ्या साइटवरून मजकूर उचलून एडिटरमध्ये टाकला की अनेकदा त्याच्यासोबत फॉन्ट, आकार आणि रंगही येतात आणि थेट त्या टॅगच्या आत जाऊन बसतात. टॅगमध्ये लिहिलेली अशी शैली पानाच्या सगळ्या साध्या नियमांना हरवते, आयडीसकट. मग पुढे आम्ही पूर्ण साइटचा फॉन्ट बदलला तरी ते दोन परिच्छेद जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून फक्त मजकूर पेस्ट करा. एवढी सवय लागली तरी तक्रारी पुष्कळ कमी होतील.

'इम्पॉर्टंट'चा मोह

नियमाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'इम्पॉर्टंट' हा शब्द लिहिला की तो नियम साध्या नियमांच्या वर जातो. बटण लगेच जांभळे होते, ग्राहक खूश, काम पाच मिनिटांत संपते. आम्ही मात्र हे शक्यतो करत नाही. दिवाळीच्या सेलसाठी तेच बटण केशरी करायचे झाले की पुन्हा 'इम्पॉर्टंट' लिहावे लागते, आणि त्याचे वजन आधीच्यापेक्षा कमी ठेवून चालत नाही. दोन-तीन वर्षांत अशी साइट कोणालाही आत्मविश्वासाने हात लावता येणार नाही, या अवस्थेला जाते, आणि साधा बदलही महाग पडतो. प्लगइनने स्वतः टॅगमध्ये शैली लिहिली असेल आणि ती बंद करायची सोय नसेल, अशा ठिकाणीच आम्ही तो शब्द वापरतो आणि शेजारी कारण लिहून ठेवतो.

या शब्दाचा खरा मान वाचकाचा आहे. सीएसएसच्या १९९६च्या पहिल्या आवृत्तीत पान बनवणाऱ्याचा 'इम्पॉर्टंट' वाचकाच्या 'इम्पॉर्टंट'वर मात करत असे. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटवले, कारण कमी दिसणाऱ्या माणसाने मोठी अक्षरे किंवा ठळक रंग लावून घेतले असतील तर शेवटचा शब्द त्याचाच असायला हवा. तुमच्या एखाद्या वयस्कर ग्राहकाला साइट वेगळी दिसत असेल तर तो बिघाड असेलच असे नाही. ती सोय आम्ही मोडणार नाही.

मराठी मजकुरासाठी वेगळी काळजी

तयार थीम बहुतेक इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बनतात. शीर्षक उठावदार दिसावे म्हणून त्या अक्षरांमध्ये जागा सोडतात, म्हणजे लेटर-स्पेसिंग वाढवतात. इंग्रजीत ते छान दिसते. मराठीत शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते. ओळींमधले अंतरही इंग्रजीच्या हिशोबाने कमी ठेवलेले असते. 'वर्षपूर्तीनिमित्त' असा शब्द दुसऱ्या ओळीत आला की त्याचे रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात. दुकानाची पाटी कोणी अशी रंगवून दिली तर तुम्ही घ्याल का? साइटवर ती का चालवून घ्यायची?

म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. पानाची भाषा मराठी आहे असे पानातच नोंदवतो. बऱ्याच थीममध्ये तिथे इंग्रजी तशीच राहिलेली असते. या नोंदीमुळे पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मराठी आवाज निवडता येतो. मग फक्त मराठी मजकुराला लागू होणारा नियम लिहितो: शीर्षकात लेटर-स्पेसिंग नाही, ओळींत पुरेसे अंतर, फॉन्ट देवनागरीचा. मुंबईतल्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' आम्ही पुष्कळदा सुचवतो; तो मोफत आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो. इथेही वजनाचा हिशोब सुटत नाही. भाषेची अट एका क्लासइतकी मोजली जाते, म्हणून आमच्या नियमाचे वजन ०-१-१. थीमने दोन क्लास लावून शीर्षकाचा नियम लिहिला असेल तर तो ०-२-१ भरतो आणि शिरोरेषा तुटलेलीच राहते. म्हणून प्रत्येक शीर्षक आम्ही ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट'मध्ये उघडून पाहतो. हरलेला नियम तिथे रेघ मारलेला दिसतो आणि जिंकलेला कोणत्या फाइलमधून आला तेही कळते.

आमची पद्धत

नव्या साइटवर आम्ही थीमचे नियम शक्य तिथे एका वेगळ्या थरात (सीएसएसमधल्या 'लेयर'मध्ये) ठेवतो. ही सोय प्रमुख ब्राउझरमध्ये २०२२च्या सुरुवातीला आली. थराबाहेरचा साधा नियम थरातल्या साध्या नियमाला हरवतो, मग थीमने कितीही आयडी लिहिलेले असोत. 'इम्पॉर्टंट' असलेल्या नियमांत मात्र हा क्रम उलटा होतो आणि थरातला नियम वरचढ ठरतो. त्यामुळे थीममध्ये तो शब्द किती ठिकाणी आहे हे पाहूनच आम्ही ही पद्धत घेतो. वर्डप्रेसच्या साइटवर तुमचे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या छोट्या थीममध्ये, राहतात. मूळ थीमच्या फाइलमध्ये केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात.

तक्रार कळवताना पानाचा पत्ता, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, मोबाइल की कॉम्प्युटर आणि कोणता ब्राउझर, एवढे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मधल्या काळात नवे प्लगइन बसवले असेल किंवा कोणी 'अतिरिक्त सीएसएस'मध्ये काही लिहिले असेल तर तेही सांगा. ते काढून टाकायच्या आधी कळवा, म्हणजे टक्कर नेमकी कुठे होते आहे ते आम्हाला पाहता येईल.