ड्रॉप-इन खेळपट्टी (ऑस्ट्रेलिया)

मैदानाबाहेर ट्रेमध्ये वाढवायची आणि क्रिकेटचा हंगाम आला की मैदानाच्या मध्यभागी आणून बसवायची, ती ड्रॉप-इन खेळपट्टी. ऑस्ट्रेलियात मेलबर्न क्रिकेट ग्राउंड (एमसीजी), अ‍ॅडलेड ओव्हल आणि पर्थ स्टेडियम येथील कसोटी सामने अशा खेळपट्ट्यांवर होतात. सिडनी आणि ब्रिस्बेनचे गॅबा यांनी मूळ जमिनीतली खेळपट्टी सोडलेली नाही.

मूळ कारण क्रिकेट नसून फुटबॉल आहे. मार्च ते सप्टेंबर याच मैदानांवर ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे तिथल्या बोलीत ‘फूटी’, खेळतात. खेळपट्ट्यांचा चिकणमातीचा चौकोनी पट्टा, म्हणजे ‘चौक’, नेमका मैदानाच्या मध्यावर. तिथल्या हिवाळी (जून ते ऑगस्ट) पावसात त्याचा चिखल होतो, वाळला की तो दगडासारखा घट्ट. खेळाडू घसरतात, आपटतात. चौकच उचलून नेला की दोन्ही खेळांची सोय होते.

ही युक्ती प्रथम वापरात आली १९७७ मध्ये. माध्यमसम्राट केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेट या बंडखोर स्पर्धेला क्रिकेट मंडळाची नेहमीची मैदाने मिळेनात, तेव्हा क्युरेटर (खेळपट्टी तयार करणारे) जॉन मेली यांनी काँक्रीटच्या ट्रेमध्ये खेळपट्ट्या वाढवून त्या मेलबर्नच्या व्हीएफएल पार्क या फुटबॉलच्या मैदानावर बसवल्या. एमसीजीवर ही पद्धत १९९६ पासून आहे, अ‍ॅडलेडला २०१३ पासून.

एक ट्रे साधारण २५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सुमारे २० सेंटिमीटर खोल असतो. मातीसह वजन पंचवीस-तीस टन भरते, त्यामुळे तो हलवायला खास वाहन लागते. मेलबर्नमध्ये मेरी क्रीकची काळी चिकणमाती वापरतात: ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वर ‘काउच’ गवत, म्हणजे आपली हरळीच. तिची मुळे माती धरून ठेवतात. फुटबॉलची अंतिम लढत आटोपली की मध्यभागी खड्डा मोकळा करून ट्रे बसवतात, पातळी जुळवतात, कडेच्या फटी माती-हिरवळीने बुजवतात. मग पाणी आणि रोलर.

अडचण या उथळपणातच आहे. जमिनीतल्या खेळपट्टीखाली मातीचा खोल थर असतो, तो सावकाश सुकतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भेगा पडतात. ट्रेमधली माती बंदिस्त. ती एकसंध घट्ट झाली की पाच दिवस बदलतच नाही. ओल थोडी जास्त राहिली तर मात्र चेंडू लागलीच उसळतो. यातला पहिला प्रकार एमसीजीवरच्या २०१७ च्या बॉक्सिंग डे (२६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या) कसोटीत दिसला: पाच दिवसांत २४ बळी, अ‍ॅलिस्टर कुक नाबाद २४४, सामना अनिर्णित आणि आयसीसीचा ‘खराब’ हा शेरा. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याजवळच्या गहुंजे येथील खेळपट्टीलाही हाच शेरा मिळाला होता, पण अगदी उलट कारणाने: तिथे कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपली. दुसरा प्रकार डिसेंबर २०१९ चा. एमसीजीवरच शेफील्ड शील्ड या ऑस्ट्रेलियाच्या देशांतर्गत स्पर्धेच्या सामन्यात चेंडू फलंदाजांच्या अंगावर येऊ लागले आणि सामना सोडून द्यावा लागला.

यावर एमसीजीचे क्युरेटर मॅट पेज यांनी मातीच्या थराची रचना बदलली आणि गवत जास्त ठेवायला सुरुवात केली. २०२४ ची भारताविरुद्धची कसोटी पाचव्या दिवसापर्यंत रंगली. पाच दिवसांत ३,७३,६९१ प्रेक्षक आले. पण गवताच्या मिलिमीटरचा हिशेब फार नाजूक असतो. डिसेंबर २०२५ च्या अ‍ॅशेस कसोटीत पुढचे दिवस कडक उन्हाचे असतील म्हणून १० मिमी गवत राखले होते. पहिल्याच दिवशी २० बळी पडले, दुसऱ्या दिवशी इंग्लंडने चार गडी राखून सामना जिंकला. आयसीसीने खेळपट्टीला ‘असमाधानकारक’ ठरवले, आणि पेज यांना पत्रकारांसमोर येऊन खुलासा करावा लागला. ऑस्ट्रेलियात कसोटीआधी क्युरेटरची पत्रकार परिषद हा नित्याचाच भाग आहे. सामन्यानंतर त्याला बोलावणे आले म्हणजे काहीतरी बिनसलेले असते.

पर्थचा अनुभव वेगळा. तिथल्या ड्रॉप-इनला भेगा पडतात, उसळीही भरपूर मिळते. म्हणजे सगळा दोष ट्रेच्या माथी मारता येत नाही. माती, ऊन आणि पाणी देण्याचे वेळापत्रक यांचाही वाटा असतो.

२०२४ च्या टी-२० विश्वचषकासाठी न्यूयॉर्कच्या नासाऊ काउंटीतल्या खेळपट्ट्या अ‍ॅडलेडच्या चमूने फ्लोरिडात वाढवून ट्रकने नेल्या. बसवल्यावर मुरायला पुरेसा अवधी मिळाला नाही. चेंडू कधी खाली राहिला, कधी छातीवर आला. भारताने पाकिस्तानविरुद्ध ११९ धावा केल्या, आणि त्या सहा धावांनी जिंकायला पुरल्या.